बिनपासंगाच्या दुकानातलं विमान

दाजींनी तराजूची दोन्ही पारडी काढून बाजूला ठेवली होती आन् वरच्या आकड्याला कागदाचं विमान लटकवलं होतं. बाजाराचा दिवस. दुकानापुढं गिऱ्हाईक दाटलेलं. पेडगावचा लिंबाजी इकायला आणलेलं तुरीचं पोतं पायाशी धरून उभा, आन् दाजी एक डोळा मिटून बगायलेत की विमानाची शेपटी खाली हाय का नाक खाली हाय.

"ओ शेट," लिंबाजी म्हणला, "माजी तूर मोजता का आधी त्या पाखराचा नंबर हाय?"

"थांब की जरा. हलायलंय ते."

"मी बी हलायलोय. सकाळपून पोटात काय न्हाई."

सगळे हसले. दाजी न्हाई हसले. पंखाखालची सुतळी त्यांनी केसभर मागं सरकवली, हात सोडला. विमान तराजूच्या दांडीवानी आडवं थांबलं. इकडं न्हाई, तिकडं न्हाई. तवा कुठं त्यांनी पारडी परत अडकवली आन् लिंबाजीची तूर मोजली. मोजली ती अशी, की काटा रेसभर झुकला तर चार दाणे बोटानं उचलून परत त्याच्या पोत्यात टाकले.

"चार दाण्यानं काय श्रीमंत होतो का मी?" लिंबाजी म्हणला.

"मी झालो असतो की," दाजी म्हणले.

असे आमचे दाजी. विरूपाक्ष त्यांचं नाव. माज्या आक्काचे, उमादेवीचे, मालक. मी भुजंग, परभणीच्या टेसनावर बैलगाडी हाकतो. शाळा मी चौथीत सोडली. मास्तर उर्दूतून गणित शिकवायचा आन् मराठीतून शिव्या द्यायचा, मला शिव्याच तेवढ्या कळायच्या. म्हणून हे लिवताना काय चुकलं तर चुकलं. बाजारात काय लोक दाजींना येडा शेट म्हणत्यात. त्यांच्या तोंडाला लागून लागून मी बेजार झालो. दोघातिघांना हाणलं बी. त्यापेक्षा एकदा नीट लिवून ठिवतो.

दाजी दिसायला काय देखणे न्हाईत. पोट सुटलेलं, मान आखूड, कपाळाला इभूतीचे तीन पट्टे आन् त्यावरून घामाचे ओघळ. चालायला लागले की पुढनं पोट आन् मागनं दाजी. पण हात! असे हात मी दुसऱ्या कुणाचे बगितले न्हाईत. येळूची काडी सुरीनं तासत तासत ते इतकी बारीक करायचे की फुंकर मारली तर वाकावी आन् सोडली तर सरळ व्हावी. हाताखालची मोडली तर चिडायचे न्हाईत. मोडलेली काडी कानावर खोवायचे आन् दुसरी घ्यायचे. सांजच्याला जेवायला बसले की कानावर पाचसहा काड्या. आक्का म्हणायची, "आवो, कान हाय का सरपणाचं खोपटं?"

दुकान त्यांचं आन् त्यांच्या मोठ्या भावाचं, चन्नबसप्पांचं. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. परभणीच्या बाजारात हे दुकान एकाच गोष्टीनं वळखलं जायचं. तिथल्या तराजूला पासंग न्हवता. एक पारडं हलकं असलं की दुकानदार त्याच्या बुडाला मेण न्हाई तर शिशाचा तुकडा चिकटवतो, तो पासंग. म्हणतो की काटा बराबर केला. पण किती चिकटवलं आन् कधी चिकटवलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. ह्यांच्या बापानं दुकान मांडलं तवा गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून सांगितलं होतं, की तराजू बिघडला तर मोडीत घालीन पण पासंग लावणार न्हाई. म्हणून पालमपून, पेडगावपून लोक गाडी जुंपून हितंच यायचे. "बिनपासंगाचं दुकान कुठंय?" म्हणलं की पोरसुद्धा बोट दावायचं.

दाजी ल्हान असताना त्यांनी खेळता खेळता पारड्याला गुळाचा खडा चिकटवला होता. अण्णांनी अशी कानफटात हाणली, की डावा कान आठ दिवस गुणगुणत होता. दाजी हे हसत सांगायचे. पण त्यानंतर पासंग म्हणलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा.

विमानाचं खूळ लागलं ते हैद्राबादेत. लढाईची सालं. तराजूच्या दांड्या आणायला म्हणून गेले आन् बेगमपेठंला विमान उतरताना बगून आले. तिथं एका मोटारीच्या मिस्तरीनं त्यांना सांगितलं, की विलायतंत असं विमान हाय की ज्यात माणूस बसत न्हाई, खाली उभा राहून वायरलेसनं चालवत्यात. मिस्तरी खरं बोलला का थापा मारल्या कुणाला ठाऊक. दाजींना झोप लागंना. परत आले ते दांड्या इसरूनच आले. अण्णांनी इचारलं, "दांड्या कुठंयत?" तर म्हणले, "अण्णा, आपल्याकडं वायरलेस न्हाई. पण सद्दी हाय की!"

सद्दी म्हंजे पतंगाचा साधा दोरा, काच न लावलेला. दाजींची अक्कल अशी की येळूच्या लांब काठीला दोन दोरे बांधायचे, दोन्हीचं टोक विमानाच्या पंखातून शेपटीला न्यायचं. आपण मधे उभं राहायचं, विमान आपल्याभवती फिरणार. एक दोरा ओढला की शेपटीची पट्टी वर, दुसरा ओढला की खाली. म्हंजे दुरूनच त्याला सांगायचं, चढ बाबा, उतर बाबा. पंख येळूच्या कामट्यांचे, त्यावर पतंगाचा कागद, चिकटवायला चिंचोक्याची खळ. अंगाला बाशिंगाचं भेंड. पुढचा पंखा उंबराच्या लाकडाचा, आन् तो फिरवायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या पीळ देऊन पोटात भरलेल्या. लढाईत ट्यूब मिळायची मारामार. मी टेसनावर फिरून पंचर झालेल्या ट्यूबा गोळा करून आणायचो. आणायचो म्हंजे काय, कधी कधी सायकलवाल्याला ठाऊक बी नसायचं.

तर ह्या विमानाचं व्हायचं काय, की सुटलं की नाक वर करायचं, जागच्या जागी दम तोडायचं आन् शेपटीवर आपटायचं. दर टायमाला. नवं केलं तरी तेच. दाजी परत नवी कामटी तासायला बसायचे.

एकदा अण्णा वट्ट्यावर बसून बगत होते. म्हणले, "शेपूट जड हाय त्याचं. आंधळ्याला बी दिसंल."

"काट्यावर लावलंय अण्णा. मधोमध बराबर हाय."

"काट्यावर बराबर आसंल. वर गेल्यावर न्हाई."

"मग काय करू? नाकात वजन घालू? पासंग लावू?"

ती कानफटात अण्णांच्याच हाताची होती. ते उठून आत गेले आन् जाता जाता म्हणले, "आपल्या घरात न्हाई लागायचा."

"तेच म्हणतोय मी," दाजी म्हणले आन् मोडलेली कामटी कानावर खोवली.

मला तवा अण्णांचा लय राग यायचा. भाऊ इतका राबायलाय आन् हा माणूस वट्ट्यावर बसून खोड्या काढतोय. दुकानात आलेल्याला सांगायचा, "आमचा धाकटा? तो आबाळात हाय, उतरला की पाठवतो." लोक हसायचे, मी दात खायचो.

पुढं घरात जागा पुरंना. भागम्मावैनी, म्हंजे अण्णांच्या मंडळी, माळवदावर पापड वाळू घालायच्या तिथंच दाजी पंख वाळू घालायचे. एक दिवस वाऱ्यानं पंख पापडावर आले. खळ लागलेले पापड चुलीवर भाजले तर फुगलेच न्हाईत. वैनी म्हणल्या, "भावजी, तुमचं उडंना ते उडंना, माजे बी पापड बसवले." भांडण न्हवतं. पण अण्णा म्हणले, आता येगळं झालेलं बरं.

आमच्यात रीत हाय, वाटे मोठ्यानं करायचे आन् आधी उचलायचा धाकट्यानं. म्हंजे मोठा लबाडी करत न्हाई. अण्णांनी दोन वाटे केले. एक, बाजारातलं घर, माडीसकट. दुसरा, टेसनाच्या अंगाचं जुनं कापसाचं गोदाम आन् पाणी साचणारी, चिबडाची थोडी जमीन. दुकान दोघांचं. ह्यात इचार करायला काय होतं? पंच बैठकीत बसलेले, आक्का माजघरात उभी, मी दाराशी. दाजींनी गोदामाचं नाव घेतलं.

"काय?" मी वरडलोच.

"गोदाम," दाजी म्हणले. "मधे एक बी खांब न्हाई त्याला."

पंचांपैकी एक म्हातारा म्हणला, "खांब न्हाई, पण चूल बी न्हाई, मोरी बी न्हाई. बायकूला कुठं ठिवतूस?"

आक्का आतून म्हणली, "बायकू चूल मांडंल की. तिला हात हायत."

अण्णांचं तोंड लाल झालं. "विरूपा, तुला राहायला जागा पायजे का खेळायला?"

"दोन्ही."

"मग आईक. तुज्या घरभरणीला सगळ्या लोकांपुढं ह्या तुज्या पाखरानं एक पुरा फेरा मारला, तर मी जन्मात तोंड उघडणार न्हाई. आन् पडलं तर?"

दाजींनी पंचांकडं बगितलं. "पडलं तर नव्या चुलीत पहिला जाळ त्याचाच. कामट्या, पंख, साचे, हत्यारांच्या मुठी, समदं. त्याच जाळावर दूध उतू घालू. आन् मग दुकानात बसंन गुमान, परत कामटीला हात लावणार न्हाई."

बोलून गेले. नव्या घरात दूध उतू जायचं ते शुभ, पण ज्या जाळावर जाणार तो कशाचा, ह्याच्यावर माणसाचा सगळा जीव टांगलेला. आन् त्या दिवसापर्यंत एक बी विमान अर्ध्या फेऱ्याच्या पुढं गेलं न्हवतं.

सामान माज्याच गाडीत नेलं. मी उतरंडीची मडकी वर रचायला लागलो तर आक्का म्हणली, "ती खाली घाल. वर त्यांचे पंख ठिव."

"आगं, मडकी फुटतील."

"फुटू दी. कुंभार परत देतो. ह्यांचे पंख कोण देतो?"

मडकी फुटलीच. टेसनाच्या वाटंला खड्डे काय कमी हायत? पंख, कामट्यांच्या मोळ्या, कागदाचे ताव, उंबराचे ठोकळे, ट्यूबच्या पट्ट्यांचा हारा, समदं धड पोचलं. दाजी गाडीमागं चालत होते, खळीचं गाडगं दोन्ही हातांनी पोटाशी धरून, जसं काय त्यात गंगाच भरलीय. गोदामात गेल्यावर पहिल्यांदा त्यांनी भिंतीला खुट्ट्या मारल्या आन् हत्यारं टांगली. सुरी कुठं, कानस कुठं, दोऱ्याचं रीळ कुठं. मग मधोमध उभे राहिले आन् काठी हातात घेऊन नुसतेच गोल फिरले. कुठं टेकली न्हाई काठी. माज्याकडं बगून हसले. इतकं हसू मी त्यांच्या लग्नात बी बगितलं न्हवतं.

घरभरणीसाठी केलेलं विमान मात्र दुकानातच राहिलं होतं. मी आणतो म्हणलं तर अण्णा आडवे आले. "तुज्या गाडीत हबके बसून मोडलं तर बोल मला लागंल. मीच आणीन त्या दिवशी."

मला तितंच संशय आला. दाजींना सांगितलं तर म्हणले, "अण्णा हाय तो. तराजूला हात लावतो ना आपण त्याच्या? लावू दे त्याला बी."

घरभरणीच्या सकाळी मठपती स्वामी आले, त्यांची पाद्यपूजा झाली. आक्कानं नव्या चुलीवर दुधाचं पातेलं ठिवलं, पण जाळ घातला न्हाई. लाकडं बाजूला रचून बसली. सगळ्या बाजाराची माणसं जमलेली. लिंबाजी पेडगावपून मुद्दाम आलेला. आन् अण्णा बाजारातनं चालत आले, डोक्यावर पाटी, पाटीत धोतराखाली झाकलेलं विमान. वाटंनं लोक इचारायलेत, "अण्णा, बाशिंग कुणाचं? लगीन कुणाचं?" ते पाटी सांभाळत सरळ गोदामात.

धोतर काढलं तसं मी बगितलं. नाकावरचा कागद नवा होता. खळ अजून ओली होती.

"अण्णा, नाकाला काय झालंय?"

"टेकलं जरा. चिकटवलं."

"टेकलं का टेकवलं?" मी पुढं झालो. माजी मूठ वळली होती. आक्कानं मनगट धरलं. "भुजंगा, हितं दूध ठिवलंय. बस खाली."

दाजींनी विमान उचललं. रोजच्यावानी पंखाखाली दोन बोटं लावून तोललं. मी डोळ्यानं बगितलं, नाक खाली गेलं. दाजींचा हात थांबला. त्यांनी अण्णांकडं बगितलं. अण्णा वरच्या पत्र्याकडं बगायलेत, जसं काय पत्रा गळतोय.

"दाजी, उडवू नका!" मी वरडलो. "बिघडवलंय त्यांनी!"

दाजींनी बोटांवरचं विमान परत एकदा तोललं. मग म्हणले, "भुजंगा, काठी दे."

काय करता! दिली. लिंबाजीनं विमान हातात धरलं, दाजींनी पंख्याला पीळ भरला, मधोमध जाऊन उभे राहिले. "सोड," म्हणले.

सुटलं. मी डोळे मिटणार होतो, पण मिटले न्हाईत. विमानानं नाक वर केलं न्हाई. खाली बी घातलं न्हाई. बैल गाडीला जुंपल्यावर पहिलं पाऊल कसा दमानं टाकतो, तसं ते सरळ निघालं. दाजी काठीसंगं फिरायला लागले, पोट पुढं, मान वर, धोतराचा सोगा सुटलेला. चुलीवरनं गेलं, स्वामींच्या डोक्यावरनं गेलं, दारातल्या माणसांनी मुंडकी खाली घातली. दाजींनी एक दोरा ओढला, विमान चढलं. दुसरा ओढला, उतरलं. सांगितलेलं आईकत होतं ते! माणसाच्या हातापून इतकं लांब, आन् आईकत होतं. एक फेरा झाला. दुसरा झाला. लिंबाजी वरडला, "आरं, थांबंना की हे!"

पीळ संपला तसं ते जमिनीवर पोटानं घसरत आलं आन् अण्णांच्या पायाशी थांबलं.

आक्कानं लाकडाचा जाळ घातला. दूध उतू गेलं तवा तिचं चुलीकडं ध्यानच न्हवतं, अर्धं दूध राखंत. अण्णांनी विमान उचलून दाजींच्या हातात दिलं, पाटी काखंत मारली आन् जेवायला बसले. विमानाबद्दल त्यांनी त्यानंतर खरंच कधी तोंड उघडलं न्हाई. चांगलं बी न्हाई, वाईट बी न्हाई. मला वाटायचं, हरल्याचा राग हाय.

मग दाजींनी लय विमानं केली. गोदामाच्या अर्ध्यात धान्याची पोती, अर्ध्यात विमानं. माल घालायला आलेला शेतकरी आधी म्हणायचा, "शेट, एक फेरा दावा." पोत्यावर बसून बगायचे, मग मोजणी. सगळ्या विमानांच्या नाकात आता मातीचा गोळा असायचा, आन् दाजी तो लपवायचे न्हाईत. कुणीतरी टोचलंच, "काय शेट, तराजूला पासंग चालंना, विमानाला चालतो?" दाजी म्हणले, "वारा काय तूर घ्यायला येत न्हाई. त्याला फसवायचं कसं?" तराजू मात्र तसाच, कोरा. रजाकारांच्या दिवसांत अर्धा बाजार बंद पडला, माणूस माणसाला वळख दावंना, तवा बी ह्या दुकानात दाणा कमी भरला न्हाई. आता मला सांगा, असल्या माणसाला येडा म्हणायचं?

घरभरणीचं ते विमान आक्कानं गोदामाच्या तुळीला टांगून ठिवलं होतं, हळदीकुंकू लावून. ह्या उन्हाळ्यात उंदरांनी त्याचं नाक कुरतडलं. मी झाडायला गेलो तर कागदातनं काय तरी टणकन खाली पडलं. उचललं. शिशाचा गोल तुकडा, एका अंगाला सरकारी ठप्पा. असलं शिसं एकाच ठिकाणी असतंय. लोखंडी वजनाच्या बुडाला भोक असतंय, त्यात ते वतलेलं असतंय, वजन खरं हाय ह्याची खूण म्हणून.

मी तसाच बाजारातल्या घरी गेलो, दुकान त्याच्याच पुढच्या अंगाला. दुकानाच्या दाराला वाऱ्यानं लागू नये म्हणून एक पावशेराचं वजन लावून ठिवलेलं असायचं. मी कितीदा त्याला ठेचाळलो आन् शिव्या दिल्या असतील. उलटं करून बगितलं. बुड पोकळ. तुकडा बसवला, बसला.

भागम्मावैनी उंबऱ्यावर बसून मिरच्या खुडत होत्या. वर न बगता म्हणल्या, "सापडलं का? घरभरणीच्या आदल्या दुपारी काढलं ह्यांनी, दार लावून. भावजींना ठाऊक हाय. त्यांनी बोटावर धरलं तवाच वळखलं." मग मिरचीचं देठ बाजूला टाकत म्हणल्या, "शिसं काढल्यावर वजन हलकं झालं. त्या दिवसापून ते दाराला लावलंय. त्यानं एक दाणा मोजू दिला न्हाई ह्यांनी कुणाला."